वैद्यांचे व औषधनिर्मात्यांचे संकेतस्थळ : नियोजन आणि उभारणी

चिकित्सालयाला किंवा औषधनिर्माणशाळेला स्वतःचे संकेतस्थळ असावे काय, या प्रश्नावर आता फारसा वाद उरलेला नाही. परगावचा रुग्ण पत्ता विचारण्यापूर्वी भ्रमणध्वनीवर वैद्याचे नाव शोधतो. किरकोळ विक्रेता मागणी नोंदविण्यापूर्वी निर्मात्याची यादी चाळतो. वाद उरला आहे तो संकेतस्थळावर काय असावे आणि विशेषतः काय नसावे याविषयी. या कामी सल्ला विचारणारे बहुतेक वैद्यबंधू व फार्मसीचालक पहिला प्रश्न खर्चाचा काढतात आणि दुसरा रंगसंगतीचा. प्रस्तुत लेखात हा क्रम आम्ही उलटा करीत आहोत. खर्च आणि रंग हे दोन्ही मजकुरावर अवलंबून असतात, आणि मजकूर ठरविण्याचे काम संगणक-तंत्रज्ञाचे नव्हे, तर आपले आहे. वाचकाला संगणकशास्त्र अवगत आहे असे आम्ही गृहीत धरलेले नाही.

अनुबंधचतुष्टयाचा विचार

आपल्या शास्त्रपरंपरेत ग्रंथारंभी विषय, प्रयोजन, संबंध आणि अधिकारी हे अनुबंधचतुष्टय सांगण्याचा प्रघात आहे. संकेतस्थळाच्या नियोजनाला याहून चांगली चौकट आम्हांस आढळलेली नाही. त्यातही आरंभ अधिकाऱ्यापासून, म्हणजे वाचणारा कोण यापासून करावा.

तालुक्याच्या गावी चालणाऱ्या एखाद्या चिकित्सालयाचे उदाहरण घ्या. त्याच्या संकेतस्थळावर येणारा पहिला वाचक म्हणजे जुना रुग्ण. त्याला वेळ, दूरध्वनी आणि ‘वैद्य या आठवड्यात गावी आहेत काय’ एवढेच हवे असते. दुसरा वाचक नवा रुग्ण किंवा त्याचा मुलगा. वैद्यांचे शिक्षण कोठे झाले, नोंदणी आहे काय, पंचकर्माची सोय आहे काय, राहावे लागेल काय आणि अंदाजे किती दिवस लागतील, हे त्याला जाणून घ्यायचे असते. फार्मसीचा वाचक याहून वेगळा. तो बहुधा स्वतः वैद्य किंवा विक्रेता असतो. त्याला कल्पाचा ग्रंथाधार, घटक, आवेष्टनाचे आकार आणि मागणी नोंदविण्याची रीत हवी असते. वैद्य स्वतःच छोटी फार्मसी चालवीत असेल, तर हे दोन्ही प्रकारचे वाचक एकाच पानावर येऊन आदळतात आणि दोघांचेही समाधान होत नाही. अशा वेळी मुखपृष्ठावरच दोन वाटा वेगळ्या कराव्यात.

प्रयोजन एका वाक्यात कागदावर लिहून काढावे. ‘वेळ विचारणारे दूरध्वनी कमी व्हावेत’ हे उत्तम प्रयोजन आहे. ‘विक्रेत्यांना अद्ययावत यादी मिळावी’ हेही उत्तम. ‘आयुर्वेदाचा प्रसार व्हावा’ हे वाक्य ऐकावयास चांगले, परंतु त्यावरून एकही पान आखता येत नाही. संबंध म्हणजे प्रत्येक पानाचे प्रयोजनाशी असलेले नाते. ते सांगता आले नाही, तर पान काढून टाकावे. चिकित्सालयाला आरंभी चार पाने पुरतात : परिचय, उपलब्ध उपचार, वेळ व पत्ता, आणि रुग्णांसाठी सूचना. पंचकर्माला येताना कोणते कपडे आणावेत, आदल्या दिवशी आहार कसा असावा, चालू असलेली औषधे परस्पर बंद करू नयेत, अशा सूचनांचे पान आम्हांस सर्वांत उपयोगी वाटते. दुर्दैवाने तेच बहुतेक ठिकाणी नसते.

मजकूर स्वतः लिहावा

संकेतस्थळ बांधून देणारा तरुण पुष्कळदा ‘मजकुराची काळजी करू नका, आम्ही भरून देऊ’ असे आश्वासन देतो. येथेच सावध व्हावे. तो मजकूर दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावरून उचललेला असतो. त्यात परक्या कंपनीचे दावे असतात, आणि ते आता आपल्या नावाखाली, आपल्या नोंदणी क्रमांकासह प्रसिद्ध होतात. ‘मधुमेह मुळापासून बरा’, ‘मुतखडा पंधरा दिवसांत विरघळतो’ अशी वाक्ये एखाद्या सज्जन वैद्याच्या संकेतस्थळावर दिसतात आणि त्यांना विचारले असता त्यांनी ती वाचलेलीही नसतात. ती वाचतो रुग्ण. इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णाने असे वाक्य वाचून ते परस्पर थांबविले, तर काय अनर्थ होऊ शकतो हे या त्रैमासिकाच्या वाचकांना सांगण्याची आवश्यकता नाही.

कायद्याची बाजूही तितकीच गंभीर आहे. औषधे व जादुई उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ याच्या परिशिष्टात ५४ रोग व अवस्था दिलेल्या आहेत. त्यांच्या निदानाकरिता, निवारणाकरिता वा उपचाराकरिता औषधाचा उपयोग सुचविणारी जाहिरात करण्यास मनाई आहे. मधुमेह, कर्करोग, हृद्रोग, रक्तदाब, अपस्मार, पक्षाघात, मोतीबिंदू, स्थौल्य, श्वित्र, मुतखडा, आमवातादी संधिविकार, स्त्रियांचे वंध्यत्व ही त्यांतील काही नावे. म्हणजे आपल्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी मोठा भाग ज्या तक्रारी घेऊन येतो, त्याच या यादीत आहेत. लैंगिक सामर्थ्यवृद्धी, मासिक पाळीच्या तक्रारी, गर्भपात व गर्भनिरोध यांसंबंधीच्या औषधी जाहिरातींवरही कलम ३ अन्वये बंदी आहे. पहिल्या अपराधाला सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा घडल्यास एक वर्षापर्यंत कारावास, अशी शिक्षेची तरतूद आहे.

कायदा १९५४ सालचा, त्या वेळी संकेतस्थळे कोठे होती, असा युक्तिवाद आम्ही ऐकला आहे. त्यात अर्थ नाही. अधिनियमातील जाहिरातीची व्याख्या सूचना, परिपत्रक, लेबल, वेष्टन व अन्य दस्तऐवज यांपाशी थांबत नाही. प्रकाश, ध्वनी वा धूर निर्माण अथवा प्रक्षेपित करणाऱ्या कोणत्याही साधनाने केलेली घोषणा तीत समाविष्ट आहे. संगणकाचा पडदा प्रकाशाचेच साधन आहे. धुराचा उल्लेख आज मौजेचा वाटेल, परंतु व्याख्या किती दूरवर पाहून केली होती हे त्यावरून दिसते.

याच अधिनियमाच्या कलम १४ मध्ये काही अपवाद आहेत. नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकाने आपल्या जागेत लावलेला, परिशिष्टातील रोगावर तेथे उपचार होतात एवढेच सांगणारा फलक त्यातून वगळलेला आहे. शास्त्रीय वा सामाजिक दृष्टीने प्रामाणिकपणे लिहिलेला ग्रंथही वगळलेला आहे. चिकित्सालयाच्या दारावरील फलकाला मिळणारी सूट संकेतस्थळाला आपोआप मिळते असे मात्र धरून चालू नये, कारण अपवाद जागेशी बांधलेला आहे आणि संकेतस्थळ जगभर दिसते. आमचे मत असे की, रोगाविषयी लिहावयाचे असल्यास हेतू, लक्षणे, पथ्यापथ्य आणि ‘केव्हा वैद्याकडे जावे’ एवढे लिहावे. त्याच पानावर आपले औषध, त्याची किंमत आणि ‘मागवा’ अशी कळ ठेवू नये. प्रबोधन आणि जाहिरात यांच्यातील सीमारेषा बहुधा त्या कळेपाशीच ओलांडली जाते.

औषधे नियमांतील नियम १७० विषयीही फार्मसीचालकांमध्ये गोंधळ आढळतो. डिसेंबर २०१८ मध्ये घातलेल्या या नियमान्वये आयुर्वेदीय औषधाच्या जाहिरातीसाठी राज्य परवाना प्राधिकाऱ्याकडून विशिष्ट क्रमांक घेणे आवश्यक झाले. १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने तो वगळला. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली, आणि इंडियन मेडिकल असोसिएशनची ती याचिका ऑगस्ट २०२५ मध्ये निकालात निघाली. या सर्व घडामोडींत १९५४ चा अधिनियम जसाच्या तसा होता, हे लक्षात ठेवावे. औषधाची जाहिरात संकेतस्थळावर द्यावयाची असल्यास अन्न व औषध प्रशासनाच्या आपल्या कार्यालयात लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवणे, हा आमचा सल्ला आहे.

रुग्णांच्या अनुभवकथनांबाबत आम्ही अधिक कठोर आहोत. ‘मला गुण आला’ असे रुग्णाचे पत्र, छायाचित्रासह, संकेतस्थळावर घालण्याची हौस अनेकांना असते. रोगाचे नाव परिशिष्टातील असेल तर ते पत्र जाहिरातच ठरण्याचा संभव आहे. शिवाय रुग्णाची व्याधी गुप्त ठेवणे हा आपला धर्म आहे. आज उत्साहाने दिलेली संमती उद्या मुलीचे लग्न ठरताना त्याच रुग्णाला नकोशी होऊ शकते. श्वित्राच्या उपचारापूर्वीची आणि नंतरची छायाचित्रे तर कदापि घालू नयेत.

फार्मसीसाठी काही विशेष

प्रत्येक कल्पाच्या पानावर नाव, शास्त्रोक्त की प्रोप्रायटरी, ग्रंथाधार, घटकद्रव्ये, आवेष्टन, उत्पादन परवाना क्रमांक आणि निर्मात्याचा पूर्ण पत्ता द्यावा. घटकद्रव्यांत संस्कृत नावाबरोबर प्रचलित मराठी नाव आणि वनस्पतिशास्त्रीय नावही असावे. हा केवळ पांडित्याचा भाग नाही. शंखपुष्पी या नावाखाली एके ठिकाणी कॉन्व्हॉल्व्ह्युलस, दुसरीकडे इव्हॉल्व्ह्युलस आणि तिसरीकडे गोकर्ण वापरली जाते. रास्नेची तीच कथा. गुळवेलीच्या बाबतीत टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया हीच वापरावी, टिनोस्पोरा क्रिस्पा नव्हे, असे आयुष मंत्रालयाला फेब्रुवारी २०२२ मध्ये जाहीरपणे सांगावे लागले. आपण नेमके काय वापरतो हे सांगणारा निर्माता वैद्याच्या विश्वासास लवकर पात्र होतो.

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याखालील अनुसूची ई (१) मधील द्रव्ये ज्यात आहेत, असे कल्प थेट विक्रीच्या यादीत घालू नयेत. वत्सनाभ, कुचला, भल्लातक, धत्तूर, गुंजा, जयपाल ही वनस्पतिज द्रव्ये आणि हिंगुळ, हरताळ, मनःशिला ही खनिजे त्या अनुसूचीत आहेत. त्रिभुवनकीर्ती घराघरांत ठाऊक असली, तरी तिच्यात वत्सनाभ व हिंगुळ दोन्ही आहेत हे ग्राहकाला ठाऊक नसते. अशा औषधांच्या लेबलवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे असा इशारा नियमाने आवश्यक आहे. वैध औषधपत्राशिवाय त्यांची संगणकीय विक्री होऊ नये, असे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२२ मध्ये विक्रीमंचांना बजावले आहे. छोट्या फार्मसीला औषधपत्र तपासण्याची चोख व्यवस्था ठेवणे कठीण जाते. म्हणून असे कल्प केवळ नोंदणीकृत वैद्यांसाठी, स्वतंत्र मागणीपत्राने देणे हा सुरक्षित मार्ग होय.

जड धातूंचा प्रश्न आणि संकेतस्थळ यांचा संबंध आपण विसरू नये. अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, इंटरनेटवरून विकत घेतलेल्या १९३ आयुर्वेदीय उत्पादनांपैकी सुमारे एकपंचमांश उत्पादनांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळले होते. त्यांत अमेरिकेत तयार झालेली उत्पादनेही होती. त्या अभ्यासाच्या पद्धतीवर, रसकल्पांतील संस्कारित धातू आणि भेसळ यांत भेद न करण्यावर आपल्याकडून पुष्कळ टीका झाली. टीका करणे सोपे आहे. प्रत्येक घाण्याचा प्रयोगशाळेचा अहवाल घाणा क्रमांकासह संकेतस्थळावर ठेवणे कष्टाचे आहे, परंतु त्या अभ्यासाला खरे उत्तर तेच आहे. छोट्या निर्मात्याला मोठ्या कंपन्यांच्या पुढे जाण्याची याहून चांगली संधी नाही.

संकेतस्थळावरून विक्री करणाऱ्यास ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० लागू होतात. तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव व संपर्क देणे, तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात निवारण करणे बंधनकारक आहे. दोन माणसांच्या फार्मसीत हा अधिकारी म्हणजे बहुधा मालकच असतो. चालेल, पण नाव छापावे.

नाव कोणाच्या नावावर?

संकेतस्थळाच्या पत्त्याला डोमेन म्हणतात. ते विकत मिळत नाही, मुदतीने नोंदविले जाते. एका वेळी दहा वर्षांपर्यंत नोंदणी करता येते आणि पुढे नूतनीकरण करावे लागते. या साध्या गोष्टीवरून जितके नुकसान होते तितके अन्य कशावरूनही होत नाही. बांधून देणारा तरुण सोयीसाठी डोमेन स्वतःच्या खात्यात, स्वतःच्या ई-पत्त्यावर नोंदवितो. दोन वर्षांनी तो नोकरीनिमित्त अन्यत्र जातो, मुदत संपल्याची सूचना त्याच्या जुन्या टपालपेटीत पडून राहते, आणि एके सकाळी वैद्यांच्या नावाच्या पत्त्यावर जुगाराची जाहिरात झळकते. औषधाच्या लाखभर वेष्टनांवर तोच पत्ता छापलेला असतो. हे घडलेले आम्ही पाहिले आहे, आणि त्यावर नंतर करण्यासारखे फार थोडे उरते. म्हणून डोमेन वैद्यांच्या वा संस्थेच्याच नावे, त्यांच्याच ई-पत्त्यावर, त्यांच्याच पैशाने नोंदवावे. तंत्रज्ञाला काम करण्यापुरता प्रवेश द्यावा. संकेतस्थळ ज्या संगणकावर राहते त्या जागेचे, म्हणजे होस्टिंगचे, खातेही तसेच.

नाव निवडताना ते दूरध्वनीवरून सांगून पाहावे. ‘वैद्य’, ‘चिकित्सालय’ हे शब्द रोमन लिपीत प्रत्येकजण निराळे लिहितो. ऐकणाऱ्याने पहिल्याच प्रयत्नात बरोबर लिहिले, तर नाव योग्य. २०१४ पासून देवनागरीत ‘.भारत’ अशी नोंदणीही करता येते. मराठी पत्ता हौसेने जरूर घ्यावा, पण जोडीला रोमन पत्ता असू द्यावा.

मराठी अक्षरांविषयी

आपल्याकडील बहुतेक माहितीपत्रके श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या जुन्या फाँटांत टंकलेली आहेत. त्यांतील अक्षरे संगणकाच्या दृष्टीने रोमनच असतात, केवळ त्यांचा चेहरा देवनागरी असतो. तो मजकूर तसाच संकेतस्थळावर टाकला तर वाचकाला अगम्य चिन्हे दिसतात. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करून मग शब्दशः तपासावे लागते. रूपांतरात रफार व जोडाक्षरे हमखास बिघडतात, आणि मात्रेच्या आकड्यातील चूक येथे केवळ मुद्रणदोष राहत नाही. हे तपासण्याचे काम द्रव्यगुण जाणणाऱ्या व्यक्तीनेच करावे.

माहितीपत्रकाचे छायाचित्र काढून तेच पान म्हणून लावणे हा आणखी एक सोपा व निरुपयोगी मार्ग. भ्रमणध्वनीवर ते वाचता येत नाही आणि शोधयंत्रालाही त्यातील मजकुराचा नीट बोध होत नाही. पानाची भाषा मराठी असल्याची खूण तंत्रज्ञाकडून आवर्जून घालून घ्यावी. ती असली आणि फाँटात सोय असली, तर ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे. वाचक शोधताना ‘वासा’ लिहीत नाही, ‘अडुळसा’ लिहितो. ‘पुनर्नवा’ लिहिणारा वैद्य असतो, ‘घेटुळी’ लिहिणारी आजी. दोन्ही शब्द मजकुरात सहजपणे आले पाहिजेत.

तांत्रिक बाजू थोडक्यात सांगतो. पत्त्यापुढे कुलूपबंद जोडणी असावीच, तिचे प्रमाणपत्र आता विनामूल्यही मिळते. छायाचित्रे हलकी करून घालावीत. खेड्यात पान उघडण्यास वेळ लागला तर वाचक थांबत नाही. सरकणारी चित्रे, आपोआप वाजणारी बासरी आणि धन्वंतरीभोवती फिरणारे तेजोवलय यांना आमचा विरोध आहे. नकाशावरील आपल्या चिकित्सालयाची नोंद विनामूल्य होते. ती संकेतस्थळाआधी करावी आणि खूण नेमकी आपल्या दारावर आहे याची खात्री स्वतः चालत जाऊन करावी.

दूरस्थ सल्ला द्यावयाचा असल्यास भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषदेने एप्रिल २०२० मध्ये काढलेली मार्गदर्शक तत्त्वे आधी वाचावीत. रुग्णाची ओळख, संमती, नोंदी आणि वैद्यांचा नोंदणी क्रमांक यांविषयी त्यांत स्पष्ट अपेक्षा आहेत. संकेतस्थळावरील प्रश्नावलीत रुग्ण मलमूत्रापासून मनोव्यथेपर्यंत सर्व लिहितो. ती माहिती कोणाच्या टपालपेटीत जाते आणि कोण कोण वाचतो, हे ठरल्याशिवाय प्रश्नावली चालू करू नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून ते टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. नाव, दूरध्वनी व सोयीची वेळ एवढेच विचारावे. व्याधीची चौकशी प्रत्यक्ष बोलण्यात करावी.

पश्चात्कर्म

शोधनानंतर संसर्जनक्रम टाळणारा वैद्य आपण दोषी मानतो, पण संकेतस्थळ चालू झाल्यावर त्याकडे वर्षभर न पाहणारे आपणच असतो. गेल्या गणपतीची सुट्टी यंदाच्या होळीपर्यंत मुखपृष्ठावर झळकत राहते. बंद केलेला कल्प यादीत राहतो आणि विक्रेता त्याची मागणी पाठवितो. महिन्यातून एक दिवस ठरवून सर्व पाने आपल्याच भ्रमणध्वनीवर उघडून वाचावीत, आज्ञावली अद्ययावत केली आहे काय हे तंत्रज्ञास विचारावे आणि संपूर्ण संकेतस्थळाची एक प्रत आपल्याजवळ घ्यावी.

आणखी एक कागद तयार करावा. डोमेन कोठे नोंदविले, मुदत कोणत्या तारखेस संपते, होस्टिंग कोणाकडे, खात्याचा ई-पत्ता कोणता आणि परवलीचे शब्द कोठे ठेवले आहेत, हे त्यावर लिहून तो कागद कौन्सिलच्या नोंदणी प्रमाणपत्रासोबत आणि उत्पादन परवान्यासोबत त्याच कपाटात ठेवावा. कपाटाची किल्ली कोठे असते हे घरातील आणखी एका माणसाला ठाऊक असू द्यावे.